मयुरीच्या गावची लोकसंख्या

नऊशे अकरा.
मयुरी पोहोचली तेव्हा नऊशे बारा झाली असणार,
असा हिशेब मी खानापूरच्या पट्टण पंचायतीत
जनन-मरणाच्या टेबलावर बसून केला.
आमच्याकडं नऊशे अकरा म्हणजे एक आळी,
तीही नळाला पाणी आलं नाही की
अख्खी दारात उभी.

तिच्याकडं मात्र पालिका आहे.
अध्यक्षबाई सकाळी बर्फ ढकलायचं मशीन चालवतात,
दुपारी ठराव मांडतात:
धक्क्यावरचा दिवा कुणी बदलायचा,
मासे वाळवायच्या मांडवांना भाडं किती.
गणपूर्तीला पाच माणसं.
"आणि भांडण?" मी विचारलं.
"होतंय की बाबा. खरं हळू आवाजात."

दोन महिने तिथं सूर्य उगवत नाही.
तिच्या आईचा फोनवर एकच प्रश्न:
अंधारात कपडे वाळतात कसे गं?
मग एके दिवशी साडेअकराला
डोंगराच्या फटीतून रुपयाएवढं ऊन येतं.
शाळा सुटते. मयुरी म्हाताऱ्यांना
चाकांच्या खुर्च्यांतून अंगणात आणते.
चार मिनिटं.
परत आत.
त्या सुट्टीची पालिकेच्या दप्तरी नोंद असते म्हणे.
मी तेहतीस वर्षं दप्तर सांभाळलं,
उन्हासाठी रकाना आखायची वेळ आली नाही.

वास सारखा आहे, ती म्हणते,
रविवारच्या बाजारातल्या कारवारच्या बायकांच्या टोपलीचा.
बाकी काहीच नाही.
मग जरा थांबून: "पाटीपण."
वेशीवर गावाचं नाव दोन भाषांत,
आणि वरच्या ओळीला कुणीतरी
छऱ्यांनी भोकं पाडलेली.
"आपल्याकडं डांबर फासतात," मी म्हणालो.
ती हसली का कळलं नाही,
फोनमध्ये मागं वारा होता, की समुद्र.

समुद्र मी दोनदाच पाहिलाय.
आमची मलप्रभा कणकुंबीला जन्मते,
तिथल्या कड्यावरून समुद्र हाकेवर,
आणि ही बया त्याच्याकडं पाठ करून
उन्हाच्या मुलखात चालू लागते.
आपलीही पोरगी कुठं जाईल ते
उताराकडं बघून सांगता आलं नसतं.

मार्चमध्ये आकडा बदलला.
जावई त्याच गावचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो,
तो आधीच धरलेला.
मधल्या काळात दोन म्हातारे गेले,
एक कुटुंब शहराकडं गेलं,
ती वजाबाकी मी केली नाही.
बकुळा. तीन किलो दोनशे.
वर्षातलं पहिलं बाळ, म्हणून पालिकेनं
लोकरीचे मोजे पाठवले आणि एक रोपटं,
बर्फ वितळल्यावर लावायचं.

त्यांच्या अर्जात ळ नाही.
तिथल्या कारकुनानं तीनदा म्हणून बघितलं,
जीभ मागं वळेना,
शेवटी ल लिहून शिक्का मारला.
त्याला मी काय बोलणार?
मीच इथं वरच्या हुकमानं
किती चौगुल्यांचं चौगला केलंय.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
रद्द पावतीच्या पाठीवर नाव लिहिलं.
आधी मराठीत.
मग, का कोण जाणे, कन्नडमध्ये,
जी तेहतीस वर्षं पगारापुरती लिहिली
आणि घरी निघताना रोज
टेबलाच्या खणात ठेवून आलो.
बकुळा.
ळ बसला.
गोल, ऐसपैस,
वर्षानुवर्षं शेजारी राहून
कधी उंबरा न ओलांडलेल्या माणसासारखा.

हुक्केरी कुलूप घेऊन दारात उभा होता.
खांद्यावरून वाकून त्यानं वाचलं,
मोठ्यानं, एकही अक्षर न चुकता.
"यार ईकी?" म्हणाला.

"नऊशे तेरा," मी म्हणालो.